दुष्काळ कोठें गेला?

१८९१ सालीं जत संस्थानांत जेवढे लोक राहत होते, त्यांतील दर सातांमागें एक माणूस दहा वर्षांनंतर हिशेबांतून नाहींसा झाला होता. १९०१ च्या खानेसुमारींत जत व त्याला जोडलेलें डफळापूर या दोहोंची मिळून लोकसंख्या ६८,६६५ भरली; आधींच्या खानेसुमारीपेक्षां ती १४ टक्क्यांनीं कमी होती. या दहा वर्षांत १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा असे दोन मोठे दुष्काळ येऊन गेले. त्यांच्या पाठोपाठ रोगराई आली, आणि जे जगले त्यांपैकीं कित्येकांनीं मुलूख सोडला. खानेसुमारीच्या कोष्टकांत मेलेला कोण आणि निघून गेलेला कोण, हा भेद दिसत नाहीं. दोघेहि सारखेच वजा होतात.

जतला आजहि अवर्षण पडतें. पाण्याचे टँकर येतात, जनावरांच्या छावण्या उघडतात, ऊसतोडणीसाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें पश्चिमेकडील कारखान्यांच्या वाटेला लागतात. परंतु अन्नावांचून माणसें मेल्याची वार्ता येत नाहीं. पाऊस कांहीं सुधारलेला नाहीं, जमीन वाढलेली नाहीं. उलट खाणारीं तोंडें कितीतरी पटींनीं वाढलीं आहेत. २०११ च्या जनगणनेंत जत तालुक्याची लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या वर गेली. मग सव्वाशें वर्षांपूर्वींचा तो दुष्काळ गेला कोठें? या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे जगाच्या अन्नपुरवठ्याचें आजचें स्वरूप, त्यांतील धोके आणि त्या धोक्यांविषयीं सुशिक्षित समाजाची बेफिकिरी, या तिन्ही गोष्टी एकामागून एक नजरेस येतात.

प्रथम त्या भूमीचा विचार केला पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरीं वर्षाला दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेच ढग घाट ओलांडून पूर्वेकडे सरकतात तेव्हां त्यांतील पाणी बहुतेक संपलेलें असतें. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोंकाला, विजापूर व सोलापूर या जिल्ह्यांना भिडलेल्या जत तालुक्याच्या वांट्याला वर्षाकांठीं सरासरी वीस इंचांच्या आसपास पाऊस येतो. सरासरी हा शब्दहि येथें फसवा आहे. एका वर्षीं पाऊस दीडपट पडतो, दुसऱ्या वर्षीं निम्म्यावर येतो; आणि ज्या वर्षीं बेरीज पुरी भरते, त्या वर्षींहि तो पेरणीच्या वेळीं येईलच असें नाहीं.

अशा बेभरंवशाच्या आभाळाखालीं राहणाऱ्या शेतकऱ्यानें पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें आपली व्यवस्था बसविली होती. काळ्या जमिनींत उत्तरा-हस्ताच्या पावसावर रब्बीची ज्वारी पेरावयाची. ती काळी माती ओल धरून ठेवते, आणि पुढें पावसाचा थेंब न पडतांहि त्या ओलीवर व हिंवाळ्याच्या थंडीवर पीक कणसाला येतें. हलक्या माळावर बाजरी, तूर, मटकी, हुलगा; ज्वारीच्या शेजारीं करडई. सगळींच पिकें एकदम बुडत नाहींत, हें या मिसळीमागचें शहाणपण होतें. चांगल्या सालचें धान्य पेवांत व बळदांत पुरून वाईट सालासाठीं ठेवावयाचें. ज्वारीचा कडबा जनावरांना वर्षभर पुरे. माडग्याळची मेंढी व खिल्लारी बैल हें शेतकऱ्याचें जंगम धन. पीक गेलें तर एखादें जनावर विकून धान्य घेतां येत असे.

ही व्यवस्था एका वाईट वर्षाला पुरत असे. लागोपाठच्या दोन वर्षांपुढें ती मोडून पडे. ज्या वर्षीं सर्वांनाच मेंढरें विकावयाचीं असतात, त्या वर्षीं मेंढरांचा भाव कोसळतो आणि त्याच वेळीं धान्याचा भाव चढतो. काल एका मेंढरास जितकें धान्य मिळत होतें, तितक्यासाठीं आज चार मेंढरें द्यावीं लागतात. शेतांत काम नसल्यामुळें मजुराला मजुरी नाहीं, आणि मजुरी नाहीं म्हणून बाजारांत धान्य असूनहि तें त्याच्या घरीं येत नाहीं. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत हाच मुद्दा विस्तारानें मांडला: दुष्काळांत माणसें मरतात तीं नेहमीं धान्य संपल्यामुळें मरतात असें नाहीं; धान्य मिळविण्याचें साधन हातून गेल्यामुळें मरतात. १८७६ ते १८७८ या वर्षांच्या महादुष्काळांत ब्रिटिश मुलखांतील पन्नास लाखांहून अधिक माणसें मेलीं, आणि त्याच काळांत हिंदुस्थानचा गहूं जहाजांत भरून विलायतेस जात होता.

त्या दुष्काळानंतर सरकारनें १८८० सालीं चौकशीचा अहवाल घेतला व पुढें दुष्काळाचे नियम तयार केले. परंतु नियम छापले म्हणून ते पाळले जातात असें नाहीं. १८९६ च्या दुष्काळांत पुण्याच्या सार्वजनिक सभेनें आणि ‘केसरी’नें हे नियम मराठींत लोकांना समजावून सांगितले, काम मागण्याचा व सारातहकुबी मागण्याचा अधिकार त्यांना आहे हें गांवोगांव कळविलें. सुशिक्षितांनीं भुकेच्या प्रश्नांत लक्ष घातलें, तर त्याचा उपयोग कसा होतो याचा तो एक नमुना होता.

लक्ष न घातल्यास काय होतें, याचा दाखला १९४३ सालीं बंगालनें दिला. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं पडला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. युद्धाच्या खर्चानें भाव भडकले. व्यापाऱ्यांनीं व घाबरलेल्या लोकांनीं साठे केले. खेड्यांतील भूमिहीन मजूर, कोळी व कारागीर यांच्या हातांत त्या भावानें तांदूळ घेण्याइतके पैसे उरले नाहींत. कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसें मरून पडत होतीं, तरी सरकारी कागदांत दुष्काळ हा शब्दच नव्हता. २२ ऑगस्ट १९४३ रोजीं ‘स्टेट्समन’ पत्रानें मरणाऱ्यांचीं छायाचित्रें छापलीं, तेव्हां जगाचे डोळे उघडले. तोंपर्यंत फार उशीर झाला होता. त्या दुष्काळानें सुमारें तीस लाख माणसें नेलीं. त्याच वर्षीं मे महिन्यांत मुंबई शहरांत रेशनिंग सुरू झालें होतें. एका शहरांत धान्याची वांटणी बांधून दिली, दुसऱ्यांत ती बाजारावर सोडली, आणि दोन्ही ठिकाणचे परिणाम लोकांनीं पाहिले.

स्वातंत्र्यानंतर मार्च १९४८ मध्यें जत संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. पुढील वर्षीं तें नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यांत आलें, आणि १९६० सालीं त्या जिल्ह्याचें नांव सांगली झालें. राज्य बदललें, पाऊस मात्र तसाच राहिला. १९६५ व १९६६ या वर्षीं देशभर पिकें बुडालीं, आणि १९६६ सालीं एक कोटि टनांहून अधिक धान्य परदेशांतून आणावें लागलें. त्यानंतर महाराष्ट्राची खरी कसोटी १९७२ सालीं लागली. लागोपाठच्या वाईट सालांनीं दख्खनच्या पठारावरील शेती उजाड झाली. या वेळीं सरकारनें सडका, पाझर-तलाव व बांधबंदिस्तीचीं कामें काढलीं. मे १९७३ मध्यें या कामांवरील मजुरांची संख्या सुमारें पन्नास लाखांवर गेली. दुकानांत अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली, कामांवर सुकडी वांटली गेली. त्या मिलोच्या भाकरीची चव ज्यांनीं घेतली त्यांना ती गोड लागली नाहीं. परंतु त्या भाकरीनें लाखों जीव वांचविले. या कामांना कायद्याचें रूप देणारी रोजगार हमी योजना वि. स. पागे यांच्या विचारांतून निघाली, आणि तिचा आरंभींचा प्रयोग सांगली जिल्ह्यांतीलच तासगांव तालुक्यांत विसापूर येथें झाला होता. १९७७ सालीं तिचा कायदा झाला.

दुष्काळ कोठें गेला, या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येतें. त्याला सडकेनें, आगगाडीनें, रोजगार हमीनें आणि रेशनच्या दुकानानें अडविलें. २०१३ सालीं अन्नसुरक्षेचा कायदा झाला. जानेवारी २०२३ पासून देशांतील सुमारें ८१ कोटि लोकांना दरमहा माणशीं पांच किलो धान्य विनामूल्य मिळण्याची व्यवस्था झाली. जतच्या कोरड्या माळावरील घरांत आज जो गहूं शिजतो, तो पंजाब-हरियाणाच्या किंवा मध्यप्रदेशच्या शेतांत पिकलेला असतो. ही लहानसहान गोष्ट नव्हे. ज्या मुलखांत एका दशकांत दर सातांतील एक माणूस नाहींसा झाला, तेथें पाऊस गेला तरी चूल पेटते, हा मानवी व्यवस्थेचा मोठा विजय आहे.

परंतु या विजयाबरोबर एक अटहि आली. पूर्वीं जतचें अन्न जतच्या आभाळावर अवलंबून होतें. आज तें पंजाबच्या भूजलावर, आखातांतून येणाऱ्या इंधनवायूवर, परदेशांतून येणाऱ्या खतावर व दूरच्या समुद्रांतील जहाजांच्या वाहतुकीवर अवलंबून आहे. दुष्काळ जतच्या वेशीवरून हटला, तो या लांबलचक साखळीच्या कोणत्याहि कडीवर येऊन उभा राहूं शकतो.

या कड्या किती मजबूत आहेत? पहिली कडी पाण्याची. पंजाबांत दरवर्षीं जेवढें पाणी जमिनींत मुरतें, त्याच्या दीडपटीहून अधिक उपसलें जातें. मुदलांतून खर्च करणाऱ्या घराची जी गत होते, तीच अशा प्रदेशाची होणार. दुसरी कडी उन्हाची. २०२२ सालचा मार्च महिना भारतांत १२२ वर्षांतला सर्वांत उष्ण मार्च ठरला. गव्हाचा दाणा नेमका त्याच सुमारास भरतो. उन्हानें तो पोंचट राहिला. शास्त्रज्ञांचा अंदाज असा कीं, पृथ्वीचें सरासरी तपमान एक अंश सेल्सियसनें वाढलें तर जगांतील गव्हाचें उत्पन्न सुमारें सहा टक्क्यांनीं घटतें.

तिसरी कडी व्यापाराची. त्याच २०२२ सालीं फेब्रुवारींत रशिया व युक्रेन यांचें युद्ध सुरू झालें. जगाच्या बाजारांत विकल्या जाणाऱ्या गव्हापैकीं चतुर्थांशाहून अधिक गहूं या दोन देशांतून येत असे. मार्चमध्यें जागतिक अन्नकिंमतींचा निर्देशांक पूर्वीं कधीं गेला नव्हता इतका वर गेला. १३ मे रोजीं भारतानें गव्हाची निर्यात थांबविली, आणि २० जुलै २०२३ रोजीं बासमतीखेरीज पांढऱ्या तांदुळाचीहि; ही दुसरी बंदी पुढें सप्टेंबर २०२४ मध्यें उठली. स्वतःच्या घराची काळजी घेणाऱ्या देशाला त्यासाठीं दोष देतां येत नाहीं. मात्र प्रत्येक देशानें आपलें दार लावून घेतलें, म्हणजे धान्य विकत घेऊन जगणाऱ्या गरीब देशांची स्थिति दुष्काळांतील मजुरासारखी होते. बाजारांत धान्य असतें. तें घेण्याची ऐपत त्यांच्याजवळ नसते.

चौथी कडी खताची. भारताला लागणारें पोटॅश जवळजवळ सगळें बाहेरून येतें, आणि युरिया तयार करण्यासाठीं लागणारा वायूहि मोठ्या प्रमाणांत आयात करावा लागतो. पांचवी कडी रोगराईची, आणि ती सर्वांत दुर्लक्षित आहे. मनुष्यानें आजवर सुमारें सहा हजार प्रकारच्या वनस्पति अन्नासाठीं लावल्या. त्यांपैकीं अवघीं नऊ पिकें आज जगाच्या एकूण पिकांच्या उत्पादनाचा दोन-तृतीयांश भाग देतात. थोड्या पिकांवर सारा भार टाकण्याचा परिणाम आयर्लंडनें भोगला आहे. तेथील गरीब शेतकरी बटाट्याच्या जवळजवळ एकाच जातीवर जगत होता. १८४५ सालीं त्यावर करपा पडला. सुमारें दहा लाख लोक मेले, तितकेच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेले, आणि १८४१ पासून १८५१ पर्यंतच्या दहा वर्षांत लोकसंख्या पांचव्या हिश्शानें घटली. जतच्या कोष्टकासारखेंच तें कोष्टक आहे. १९९८ सालीं युगांडांत गव्हावर तांबेऱ्याची एक नवी जात आढळली. ती कांहीं वर्षांत इराणपर्यंत पोहोंचली. मक्यावरील लष्करी अळी अमेरिका खंडांतून आफ्रिकेमार्गें २०१८ सालीं कर्नाटकांत दिसली आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रांतहि आली.

यांतली एखादी कडी तुटली तर बाकीच्या तिला सांवरून घेतात. भीति आहे ती दोन-तीन कड्या एकाच वर्षीं तुटण्याची. जतच्या शेतकऱ्याला एक वाईट वर्ष सोसत असे व लागोपाठचीं दोन सोसत नसत, हाच नियम आतां मोठ्या प्रमाणावर जगाला लागू होतो. आज जगांत धान्य पुरेसें पिकत असतांहि, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणें २०२४ सालीं सुमारें ६७ कोटि माणसें उपाशी होतीं. भरल्या बाजारांत इतकीं माणसें उपाशी राहत असतील, तर बाजार अर्धा रिकामा झाल्यावर काय होईल, हें समजण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाहीं.

असें असूनहि शहरांतील सुशिक्षित घरांत या प्रश्नाची चर्चा क्वचितच ऐकूं येते. याचें कारण लोक निर्दय झाले असें नाहीं. भूक जितकी लांब गेली, तितकी तिची खूणहि पुसट झाली. पूर्वीं अवर्षण पडलें कीं पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर दुष्काळी माणसें दिसत. आतां अवर्षण दिसतें तें तेलाच्या डब्याच्या किंवा तुरीच्या डाळीच्या भावांत. चार दिवस कुरकुर होते आणि महिन्याच्या हिशेबांत तें सामावून जातें. जें संकट पैशानें टळतें, तें पैसेवाल्याला संकट वाटत नाहीं.

या बेफिकिरीचा एक नमुना जतच्याच बाबतींत पाहावयास मिळाला. नोव्हेंबर २०२२ मध्यें जत तालुक्याच्या सीमेवरील गांवें एकाएकीं वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलीं. या गांवांनीं कर्नाटकांत जाण्याचा ठराव केला होता, असें त्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीं सांगितलें, आणि दोन्ही राज्यांत वादळ उठलें. पाणी देतां येत नसेल तर शेजारच्या राज्यांत जाऊं द्या, ही सुमारें चाळीस गांवांची मागणी मुळांत कित्येक वर्षांपूर्वींची होती. ती केली तेव्हां फारसें कोणी ऐकलें नव्हतें. सीमेचें नांव निघतांच सारें राज्य जागें झालें. पाण्याचें नांव निघालें होतें तेव्हां तें झोपलें होतें. त्या गलबल्यानंतर, मिरज तालुक्यांत म्हैसाळ येथें कृष्णेचें पाणी उचलून या गांवांपर्यंत नेणाऱ्या विस्तारित योजनेला गति मिळाली, ही समाधानाची गोष्ट. पण तहानेला ऐकूं येण्यासाठीं भांडणाचा आवाज लागावा, हें समाजाच्या शहाणपणाचें लक्षण नव्हे.

पाणी पोहोंचलें म्हणजे प्रश्न संपतो, असेंहि नाहीं. ज्या ज्या शेतांत पाणी येतें, तेथें द्राक्ष, डाळिंब किंवा ऊस येतो, आणि ज्वारी मागें हटते. शेतकऱ्याला यासाठीं बोल लावणें अन्यायाचें होईल. रब्बीच्या ज्वारीची काढणी हातानें करावी लागते; मजूर मिळत नाहींत; कणसें भरलीं कीं पांखरें राखावीं लागतात; आणि एवढें करून भाव बेताचाच. तरीहि या ज्वारीचें मोल विसरून चालणार नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ येथें स्थानिक मालदांडी ज्वारींतून निवडलेलें वाण आजहि या कोरड्या पट्ट्याचा आधार आहे. जतच्या शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. वरच्या पाण्यावांचून, मातींतील ओलीवर माणसाला भाकरी व जनावराला कडबा देणारें हें पीक आहे. साखळीच्या पांचहि कड्या तुटल्या, तरी तें उभें राहूं शकतें. भारताच्या पुढाकारानें २०२३ हें वर्ष जगभर भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें गेलें. सभा झाल्या, मेजवान्या झाल्या. ज्या पिकाचा उत्सव झाला, त्याला वर्षभर गिऱ्हाईक मिळालें तरच तें शेतांत टिकेल.

येथें शहरांतील घराचा संबंध येतो. सरकारनें साठे ठेवावे, भूजल राखावें, नव्या वाणांच्या संशोधनावर खर्च करावा, जुन्या वाणांचें बीं जपावें, हें सर्व खरें. पण सरकार त्याच गोष्टींकडे लक्ष देतें ज्यांविषयीं लोक विचारतात. आठवड्यांतून कांहीं दिवस ज्वारी-बाजरीची भाकरी करणारें घर त्या पिकाला भाव देतें. ताटांत टाकलें जाणारें अन्न मोजणारें घरहि कांहीं थोडें काम करीत नाहीं: २०२२ सालीं जगांत सुमारें १०५ कोटि टन अन्न वायां गेलें, आणि त्यांतला साठ टक्के भाग घरांतून गेला. आणि पाऊस, साठे व भाव यांच्या बातम्या निवडणुकीच्या बातम्यांइतक्याच लक्षपूर्वक वाचणारें घर १८९६ सालीं ‘केसरी’च्या वाचकांनीं केलें तेंच काम पुढें चालवितें.

जतमध्यें हस्ताचा पाऊस कोरडा गेला कीं शेतकरी त्याच आठवड्यांत घरांतील धान्य, कडबा आणि जनावरें यांचा हिशेब मांडावयास बसतो. शहरांतील घराला तो हिशेब पुढें मार्च-एप्रिलांत वाण्याच्या दुकानीं कळतो. या दोन हिशेबांमध्यें जे सहा महिने जातात, तेवढ्या अवधींतच दुष्काळ अडवितां येतो.